वर उघडणारा दरवाजा

बेलफास्ट,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचं पार्सल काल एकदाचं मिळालं. चकल्यांचा भुगा झालाय, तो दह्यात कालवून खाल्ला. लाडू एकजात शाबूत. चिवडा निम्मा संपला, शेजारी दिला तो धरून. या शेजारच्यांबद्दलच आज लिहायचंय.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर बाबा "हं, बरं, थांब आईला देतो" याच्या पुढे जात नाहीत, आणि मला जे सांगायचंय ते त्यांनाच सांगायचंय. आई, तू वाचून दाखव. मधेच "पुढे काय ते सांग" म्हणाले तरी एकही ओळ गाळू नकोस.

बाबा, 'बॅक टू द फ्यूचर' आठवतो का? सिंहस्थाचं वर्ष, २००३. दादाने पवननगरच्या कोपऱ्यावरून व्हीसीडी भाड्याने आणली होती. पहिली चकती संपली की दुसरी घालायची, आणि दुसरी अडकायची म्हणून तिला बनियनने पुसायचं. तेव्हा तुम्ही दुपारी घरी असायचात. कंपनीला टाळं लागून काही महिने झाले होते, पण आम्हा पोरांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, बाबांना मोठी सुट्टी लागलीय.

आई, तुला गोष्ट आठवत नसेल. मार्टी नावाचा मुलगा एका गाडीत बसून १९८५ मधून १९५५ मध्ये जाऊन पडतो. तिथे त्याचे आई-बाप अजून शाळेत आहेत. बाप बावळट, कुणीही टपली मारून जावं असा. आणि आई नेमकी या मुलाच्याच प्रेमात पडते. आता त्या दोघांचं जुळवून दिलं नाही तर याचा स्वतःचाच जन्म होणार नाही. तू त्या वेळी "शी, काहीतरीच" म्हणून ताक घुसळायला उठून गेली होतीस. डिस्नेवाल्यांनाही तसंच वाटलं होतं, त्यांनी याच कारणावरून गोष्ट नाकारली. आणि दुसरे म्हणत होते की हे फारच सोज्वळ आहे, जरा चावट करा. असे चाळीसच्या वर नकार घेतल्यावर मग रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेल या दोघांचा हा पिक्चर झाला.

तुम्ही मात्र लोकमत तोंडासमोर धरून बसला होतात. शेवटी वादळ येतं, १२ नोव्हेंबरच्या रात्री दहा वाजून चार मिनिटांनी घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज पडणार असते, ती तारेतून गाडीत उतरवायची असते, आणि ऐन वेळी झाडाची फांदी पडून तारेचा प्लग सुटतो. तो पांढऱ्या पिंजारलेल्या केसांचा शास्त्रज्ञ मनोऱ्यावर लोंबकळतोय, आम्ही दोघं नखं खातोय, आणि पेपरमागून तुमचा आवाज आला: "जॉइंटला क्लॅम्प नको का लावायला?"

बाबा, बावीस वर्षं झाली, मला तो पिक्चर तुमच्या क्लॅम्पशिवाय बघता येत नाही.

(त्या विजेचा हिशोबही परवा केला. गाडीला १.२१ गिगावॅट लागतात, ज्याला पिक्चरमध्ये सगळे 'जिगावॅट' म्हणतात. म्हणजे १२१० मेगावॅट. आपल्या नाशिकच्या एकलहरे वीज केंद्राला आता २१० चे तीन संच, एकूण ६३०. दोन एकलहरे जोडले तर मार्टी घरी पोचतो आणि वर पन्नास मेगावॅट सिडकोला उरतात.)

गेल्या शनिवारी तो इथल्या एका छोट्या थिएटरात लावला होता. पिक्चरला चाळीस वर्षं झाली ना, १९८५ चा जुलै. मला वाटलं पंधरावीस माणसं असतील. तिकीट मिळालं तेच नशीब. अर्धे लोक मार्टीसारखं बिनबाह्यांचं फुगीर लाल जाकीट घालून आलेले. १९५५ मधले लोक त्याला विचारतात ना, की बाबा रे, जहाजातून उडी मारलीस का, तेच ते. इथल्या नोव्हेंबरच्या थंडीत बिनबाह्यांचं! दोनतीन आजोबा पांढरे विग लावून. एका बाईच्या कडेवर सहाएक महिन्यांचं बाळ, त्यालाही जाकीट. आणि पिक्चर सुरू झाल्यावर सगळं थिएटर एका सुरात संवाद म्हणतंय, पडद्याच्या अर्धा सेकंद आधी. मामाकडे टीव्हीवर ते जुनं मराठी पिक्चर लागलं की मावशी-मामा सगळे जसे करतात तसंच अगदी. कोणतं ते लिहीत नाही, तुम्हाला कळलंय.

पण खरी गर्दी बाहेर होती, दाराशी उभ्या केलेल्या गाडीभोवती. ती डिलोरियन. पिक्चरमधली टाइम मशीन. आता यातली गंमत बाबा, जी मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हती: ही गाडी अमेरिकेत झालीच नाही. ती इथली आहे. बेलफास्टच्या कडेला डनमरी म्हणून भाग आहे, तिथल्या कारखान्यात ती बनली. १९८१ आणि ८२, जेमतेम दोन वर्षं, नऊ हजारांच्या आसपास गाड्या, की संपलं. मालक अमेरिकन, पैसा बराचसा ब्रिटिश सरकारचा. इथे तेव्हा रोज गोळीबार, जाळपोळ. कारखाना कॅथलिक वस्ती आणि प्रोटेस्टंट वस्तीच्या मधोमध, आणि दोन्हीकडची माणसं एकाच लाइनवर उभी राहून गाडी जोडायची. जोरात होता तेव्हा अडीच हजार माणसं होती. मग गाड्या खपेनात, कंपनी बुडाली, मालक ड्रग्जच्या खटल्यात अडकला (पुढे १९८४ मध्ये निर्दोष सुटला, पण तोवर काय उरलं होतं), आणि माणसं घरी बसली. पिक्चर आला त्यानंतर तीन वर्षांनी.

आमच्या शेजारचे आजोबा त्या अडीच हजारांतले. वय अठ्ठ्याहत्तर. दरवाजे बसवायचं काम होतं त्यांचं. हे मला दीड वर्षांत कधी बोलले नव्हते. मी पिक्चरला चाललेय म्हटल्यावर म्हणाले, "मला पण ने, पिक्चरसाठी नाही, गाडीसाठी." पिक्चर त्यांनी पंधरा वर्षं पाहिलाच नव्हता म्हणे. रागाने. आम्ही उपाशी बसलोय आणि हे अमेरिकन आमच्या गाडीवर हसतायत, असं वाटायचं त्यांना.

बाबा, तुम्ही तिथे असायला हवं होतंत. गाडीला रंगच नाही. नुसतं स्टेनलेस स्टील, घासून रेघा काढलेलं. त्यामुळे कुणी बोट लावलं की ठसा उमटतो, आणि मालक बिचारा फडकं घेऊन मागे मागे. ओरखडा पडला तर म्हणे खरखरीत घासणीने रेघेच्या दिशेने घासायचं. आई, तुझ्या मोरीतल्या हिरव्या घासणीसारखीच असते ती. दिशा चुकली तर मात्र कायमचं दिसतं.

आजोबांनी मालकाला विचारलं नाही, काही नाही. सरळ दरवाजापाशी गेले. आधी नख घातलं. दरवाजा आणि छप्पर यांच्या फटीत अंगठ्याचं नख घालून वरून खालपर्यंत ओढत नेलं, डोळे दुसरीकडेच. बाबा, अगदी तुम्ही! नवं कपाट आणलं तेव्हा तुम्ही सुताराच्या देखत असंच नख फिरवलं होतंत आणि तो चिडला होता. मग त्यांनी दरवाजा उघडला. तो बाजूला उघडत नाही, वर जातो, गरुडाने पंख पसरावेत तसा. एवढा जड दरवाजा एका बोटाने वर गेला आणि तिथेच थांबला. मी विचारलं, कशामुळे? तर म्हणाले, छपरात एक पिळलेली सळई आहे, तिचा पीळ दरवाजाला वर ढकलतो. साधा पीळ देऊन ती टिकत नव्हती म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये अतिथंड करून पिळायचे, आणि ते काम विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीकडे होतं. हे सांगताना त्यांनी दोन्ही मुठींनी टॉवेल पिळल्यासारखं करून दाखवलं.

मग म्हणाले, "सुरुवातीचे दरवाजे अडकायचे. आमच्यातल्या बहुतेकांनी आधी गाडीचं काम केलेलंच नव्हतं. शेवटी शेवटी आम्ही चांगले झालो होतो. तेव्हाच बंद पडलं."

तुमच्यासाठी अजून एक. त्या गाडीच्या स्पीडोमीटरवर आकडे ८५ मैलांपर्यंतच. अमेरिकेचा तेव्हाचा नियमच तसा होता. आणि पिक्चरमध्ये काळात उडी मारायला ८८ लागतात, म्हणजे ताशी साधारण १४२ किलोमीटर. मग पिक्चरवाल्यांनी आकड्यांची तबकडीच बदलून ९५ पर्यंतची बसवली. आजोबा म्हणाले, "८८? उतारावर." पिक्चरमध्ये ऐन वेळी गाडी सुरूच होत नाही आणि मार्टी स्टेअरिंगवर डोकं आपटतो, तेव्हा सगळं थिएटर हसलं, आणि हे मला कानात म्हणाले, "एवढं मात्र खरं दाखवलंय."

आणि पहिली टाइम मशीन गाडी नव्हतीच, फ्रिज होता! लेखकांनी आधी तसं लिहिलं होतं. मग धास्ती वाटली की पोरं बघून घरच्या फ्रिजमध्ये शिरून बसतील, म्हणून बदललं. फ्रिज राहिला असता तर आमच्या आजोबांना रागवायला कारणच उरलं नसतं.

अप्पांना एक निरोप द्या. मार्टीचं काम करणारा मायकल जे. फॉक्स. (आधी दुसऱ्याच नटाला घेऊन काही आठवडे शूटिंग केलं होतं, ते फेकून याला घेतलं. हा दिवसा टीव्ही मालिका आणि रात्री पिक्चर, अशी डबल ड्यूटी करायचा.) त्याला अप्पांचाच आजार आहे, कंपवात. १९९१ मध्ये कळलं, तेव्हा वय अवघं २९. सात वर्षं त्याने कुणाला कळू दिलं नाही. कॅमेऱ्यासमोर डाव्या हातात सतत काहीतरी वस्तू धरायचा, म्हणजे थरथर दिसायला नको. अप्पा किल्ल्यांचा जुडगा धरतात ना, तसं. मग १९९८ मध्ये जाहीर केलं आणि २००० मध्ये या आजारावरच्या संशोधनासाठी संस्था काढली. थिएटरच्या दाराशी तिच्यासाठी डबा ठेवला होता आणि लाल जाकीटवाली पोरं त्यात नोटा टाकत होती. मी अप्पांच्या नावाने टाकले. अप्पांना सांगा, पण किती ते विचारू देऊ नका.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

बॉब गेलला ही गोष्ट सुचली कशी, तर तो एकदा आईवडिलांच्या घरी गेला होता, तिथे तळघरातल्या पसाऱ्यात वडिलांच्या शाळेचं वार्षिक सापडलं. उघडून बघतो तर वडील वर्गाचे अध्यक्ष. याला कधी माहीतच नव्हतं. आणि याच्या स्वतःच्या वर्गाच्या अध्यक्षाशी याचा काही संबंधच नसायचा. मग त्याच्या मनात आलं, मी वडिलांच्या वर्गात असतो तर आमची मैत्री झाली असती का?

पिक्चर सुटल्यावर आजोबांना बसपर्यंत सोडत होते. डावा अंगठा ते सारखा पँटला पुसत होते, स्टीलवरचं पॉलिश लागलं होतं म्हणून. आणि मला एकदम लक्षात आलं की तुम्ही सातपूरला एकवीस वर्षं टूलरूममध्ये काय बनवत होतात ते मला माहीत नाही. "जिग-फिक्स्चर" एवढंच. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'नोकरी' लिहायची आणि पुढची जागा रिकामी सोडायची. दसऱ्याला तुमचा व्हर्निअर निळ्या मखमलीच्या पेटीतून निघायचा, झेंडू वाहायचा आणि परत पेटीत. त्याने काय मोजायचात, ते मी कधी विचारलं नाही. आणि तुम्ही सांगणाऱ्यातले नाहीतच.

तर मला हे लिहून पाठवा. फोनवर नको, "हं, बरं" होईल. कोणता पार्ट होता? कुठल्या गाडीत, कुठल्या पंपात बसायचा? त्यातला एखादा अजून कुठे चालत असेल का? आणि आई, कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या अल्बमच्या खाली, बाबांचा आयटीआयमधला ग्रुप फोटो आहे. केस कानाच्या खाली आलेले, पँटचा घेर बघण्यासारखा. त्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठव. चष्मा लावून काढ, मागच्या वेळी अर्धा अंगठाच आला होता.

बाबा, त्या फोटोतल्या पोराशी माझं पटलं असतं असं मला वाटतं. क्लॅम्पवरून भांडण झालं असतं, ते सोडा.

गोदेला यंदा पाणी कुठवर आलं होतं? दादा म्हणत होता दुतोंड्या मारुती पार बुडाला. गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मनू

ता. क. शेजारच्या आजोबांना चिवडा फार आवडला. त्यातलं तळलेलं खोबरं वेचून आधी खातात. पुढच्या पार्सलात त्यांच्यासाठी वेगळी पिशवी करा, आणि चकल्या पाठवायच्या तर पत्र्याच्या डब्यात, वरून क्लॅम्प लावून.