क्विटोला एकच रात्र देऊ नकोस

क्विटो,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रवासाचा आराखडा मिळाला. गॅलापागोस बेटांसाठी पूर्ण आठवडा, आणि इक्वेडोरच्या राजधानीला, क्विटोला मात्र विमान बदलण्यापुरती एक रात्र! वाचून वाईट वाटलं, म्हणून लगेच लिहायला बसलो. बेटांवर जरूर जा, ती कासवं बघायलाच हवीत. पण युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी केली, तेव्हा तिच्यात जगभरातली जेमतेम बारा ठिकाणं होती. त्यांतलं एक तुझं गॅलापागोस आणि दुसरं हे क्विटो. तुझ्यासारख्या चित्रं काढणाऱ्या माणसाने इथे चार दिवस तरी काढावेत, तेही जुन्या शहरात राहून.

आधी तब्येतीचं सांगतो. गाव २,८५० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दुपटीहून उंच. पहिल्या दिवशी धाप लागेल, डोकंही दुखेल. त्या दिवशी हलकं जेव, पाणी पीत राहा आणि चढाच्या वाटेला जाऊ नकोस. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर असलं तरी संध्याकाळी स्वेटर लागतोच. ऊन मात्र भाजून काढतं. दुपारी ढग भरून येतात, त्यामुळे उंचावरचं जे काही बघायचं ते सकाळीच उरकायचं.

सुरुवात सान फ्रान्सिस्को चौकापासून कर. स्पॅनिश लोकांनी १५३४ साली शहर वसवलं आणि थोड्याच काळात इथल्या मठाचं काम काढलं. चर्चपुढच्या दगडी ओट्याची एक दंतकथा आहे. कांतुन्या नावाच्या स्थानिक गवंड्याने काम मुदतीत व्हावं म्हणून सैतानाशी करार केला, मोबदल्यात आपला आत्मा देऊ केला. सैतानाने रातोरात ओटा बांधला, पण एक दगड बसवायचा राहिला. करार मोडला आणि कांतुन्या सुटला. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ही चर्चं ज्यांनी घाम गाळून उभी केली त्यांच्यातलाच एक जण तिच्यात जिंकतो.

आता आत जा आणि मुख्य वेदीवरची लाकडी मूर्ती नीट बघ. बेर्नार्दो दे लेगार्दाने १७३४ साली घडवलेली ही पंखवाली मेरी. पायाखाली साप, हातात साखळी, आणि अंगाला असा झोक की आता नाचायला लागेल. मेरीच्या मूर्ती एरवी किती शांत उभ्या असतात! इथल्या कारागिरांची आणखी एक खासियत चेहऱ्यांत दिसते. रंगाचे थर चढवून ते मेंढीच्या मूत्राशयाने घासत, इतके की लाकडावर जिवंत कातडीची तकाकी येई. डोळे काचेचे बसवत. खिडकीतून तिरपा उजेड आला की गाल ओलसर भासतात. तू तिथे वही उघडून बसलास की तुला उठवणं अवघड जाईल, हे मला आत्ताच दिसतंय.

शेजारीच, चार पावलांवर ला कोंपान्यिया, जेझुइट पंथाचं चर्च. १६०५ साली काम सुरू झालं आणि पुरं व्हायला १६० वर्षं लागली. बाहेरची दर्शनी भिंत ज्वालामुखीच्या करड्या दगडाची, पिळाचे खांब कोरलेली. आत पाऊल टाकलंस की छतापासून वेदीपर्यंत सोन्याचा वर्ख. खांबांवरची भौमितिक नक्षी मात्र मूर लोकांच्या, म्हणजे एके काळी स्पेनवर राज्य केलेल्या मुसलमानांच्या वळणाची आहे, तीही चुकवू नकोस. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू आपण पाहिलंय, ते याच पंथाचं, आणि त्याचा अभिषेकही १६०५ मधलाच. तिकडे एक चर्च पुरं होत होतं तेव्हा इकडे दुसऱ्याची सुरुवात होत होती, हे कळल्यापासून मी त्या दोन्ही वास्तूंचा वेगळा विचार करूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी बासिलिका, उंच मनोऱ्यांचं मोठं चर्च. एरवी अशा चर्चांवर असणाऱ्या राक्षसी आकृतींच्या जागी इथे इग्वाना, कासवं, आर्माडिलो असे याच देशातले प्राणी दगडात कोरून भिंतीबाहेर काढलेत. मनोऱ्यात चढायला छताच्या वरून लाकडी फळ्यांची वाट आणि पुढे उभ्या शिड्या आहेत. तुझे गुडघे साथ देत असतील तरच जा. समोर पानेसियो टेकडीवर लेगार्दाचीच मेरी दिसेल, पण ॲल्युमिनियमच्या सात हजार तुकड्यांची, प्रचंड. त्या टेकडीवर पायी जाऊ नकोस, वाटेत लुटालुटीची भीती असते. टॅक्सीने जा आणि परतीसाठी तीच थांबवून ठेव.

तिसऱ्या दिवशी सकाळी केबल कारने पिचिंचा डोंगरावर, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत. हवा स्वच्छ असली तर कोतोपाक्सीचं बर्फाळ शिखर दिसतं.

विषुववृत्ताच्या स्मारकाला अर्धा दिवस पुरे. १७३६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पृथ्वीचा आकार मोजायला या भागात आले, त्यांच्या आठवणीसाठी ३० मीटरचा मनोरा बांधलाय. जीपीएसप्रमाणे खरी रेषा तिथून सुमारे २४० मीटर उत्तरेला जाते. जवळच बेसिनमधलं पाणी रेषेच्या अलीकडे-पलीकडे उलटसुलट फिरवून दाखवतात. त्यावर विश्वास ठेवू नकोस, ते पाणी कसं ओततात त्यावर अवलंबून असतं. त्या फ्रेंच लोकांनी वर्षानुवर्षं डोंगरदऱ्यांतून जी मोजमापं केली, ती मला कितीतरी थोर वाटतात.

खाण्याचं म्हणशील तर लोक्रो घे, बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि अव्होकाडोच्या फोडी. तू शाकाहारी, तेव्हा आत मांसाचं पाणी नाही ना, हे विचारून घे. आणि जमलं तर प्रवास थोडा पुढे ढकल, २ नोव्हेंबरला इथे असशील असा. तो मृतांचा दिवस. लोक कुटुंबासह दफनभूमीत जातात, आणि घरोघरी कोलादा मोरादा शिजते: जांभळ्या मक्याचं पीठ, रानबेरी, अननस, दालचिनी घालून केलेलं गरम, दाट पेय. सोबत दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या आकाराचा पाव, त्यावर रंगीत साखरेची नक्षी. असा पाव तू कुठेच पाहिला नसशील.

तिकिटं पक्की करण्याआधी तारखा कळव. सान फ्रान्सिस्कोजवळच खोली बघून ठेवतो, आणि ते चार दिवस मीही रजा टाकतो. वहिनींना नमस्कार सांग. येताना थोडा गोडा मसाला आण.

तुझा,
विनय