खुर्ची गेली की यादीतले नाव जाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एकाने नगरसेवक-आमदारांना मिळणाऱ्या भेटींची बाजू घेतली होती. शाल-श्रीफळ, दिवाळीचा डबा, कुणाच्या शेतावरचा हुरडा, या गोष्टींना भ्रष्टाचार म्हणणे म्हणजे आपल्या पाहुणचाराच्या रीतीलाच नावे ठेवणे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही. का पटले नाही ते जरा सविस्तर लिहितो, कारण या भेटींपैकी पुष्कळशा ज्या धंद्यातून जातात त्याच धंद्यात मी वडिलांच्या काळापासून आहे.

माझे सोलापुरात चादरी-टॉवेलचे दुकान आहे. दसरा जवळ आला की भेटीच्या बॉक्सच्या ऑर्डरी सुरू होतात. बँका, पतसंस्था, दवाखाने आपल्या कामगारांना आणि सभासदांना देतात, त्यात वावगे काही नाही. दुसऱ्या ऑर्डरी असतात त्या मक्तेदार म्हणजे कंत्राटदार, बिल्डर आणि पुरवठादारांच्या. बिल फर्मच्या नावाचे, पण सोबत एक यादी येते. जॅकार्ड चादरींची जोडी कुणाला, नुसता टॉवेल सेट कुणाला, हे तिच्यात लिहिलेले असते. काही नावांपुढे सूचना असते की बॉक्स चिकटवू नका, उघडाच पाठवा, बाकीचे आम्ही घालतो.

ही यादी मी वर्षानुवर्षे पाहत आलोय. माणूस स्थायी समितीवर, म्हणजे महापालिकेची टेंडरे मंजूर करणाऱ्या समितीवर, गेला की टॉवेल सेटवरून जोडीवर येतो. समितीतून उतरला की परत टॉवेलवर. निवडणूक हरला की नावच नसते. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हाच्या दिवाळीत यादीतली कितीतरी नावे गळाली. माणसे तीच होती, त्यांची घरे तिथेच होती, आणि आमचा अनेक वर्षांचा घरोबा आहे असे सांगणारे मक्तेदारही तेच होते. घरोबा खरा असता तर बॉक्स थांबला नसता. भेट माणसाला आहे की त्याच्या सहीला आहे, हे ओळखायला यापेक्षा सोपी कसोटी मला तरी माहीत नाही.

शाल-श्रीफळाबद्दल माझी तक्रार नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, शाळेच्या गॅदरिंगला, मंडळाच्या गणपतीला चार लोकांसमोर पाहुण्याच्या खांद्यावर चादर टाकली, टाळ्या झाल्या, विषय संपला. खेड्यात गेलेल्या पुढाऱ्यापुढे कुणी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली तर त्याने ती जरूर खावी. ज्याने भाकरी वाढली त्याचे कसलेही टेंडर अडकलेले नसते.

हुरड्याचे मात्र यजमान कोण यावर आहे. आपल्या जिल्ह्यात ज्वारी दुधात आली की मित्रांना, सोयऱ्यांना शेतावर बोलवायची पद्धत जुनी आहे आणि ती टिकायलाच हवी. पण ज्याची बिले महापालिकेत किंवा जिल्हा परिषदेत थकली आहेत त्याच्या शेतावर शामियाना पडतो, आचारी पुण्याहून येतात, न्यायला-आणायला गाड्या असतात. आणि पाहुणे कोण, तर बिलावर सही करणारे, सही करणाऱ्यावर वजन असणारे आणि सभागृहात त्या कामावर प्रश्न विचारू शकणारे. त्या दिवशी कामाबद्दल कुणी अवाक्षरही काढत नाही. आणि मग आपल्याला सांगितले जाते, बघा, काही मागितले का त्याने? मुंबईला गेल्यावर हॉटेल, बालाजीला जायला गाडी, वाढदिवसाचे चौकाचौकातले डिजिटल फलक, मुलीच्या लग्नाचा मांडव, सगळे याच चालीचे. लग्नपत्रिकेवर आहेर आणू नये असे ठळक छापलेले असते. जेवणावळीचे बिल कोणत्या फर्मने भरले ते कुठेच छापलेले नसते.

या पाहुणचारातून मिळते काय, हे नीट समजून घ्यायला हवे. नगरसेवक स्वतः टेंडर उघडत नाही. पण प्रश्न विचारणे हे त्याचे काम आहे आणि तेच त्याच्याकडून विकत घेतले जाते. पाइप टाकायला रस्ता उकरला, वरून डांबराचा पातळ थर दिला आणि तो पहिल्याच पावसात वाहून गेला, असे आपल्याकडे होते. करारात दोषदायित्व कालावधी म्हणून एक अट असते. त्या मुदतीत रस्ता खचला तर मक्तेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. पण त्याला नोटीस काढा, अनामत जप्त करा, असे कुणीतरी उठून म्हणावे लागते. ज्याच्या हुरड्याला जाऊन आलो त्याच्याविरुद्ध दुसऱ्याच महिन्यात सभागृहात उभे राहणे किती जणांना जमेल? माणूस वाईट नसला तरी भिडेखातर गप्प बसतो. मग तोच रस्ता पुन्हा आपल्याच करातून होतो. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असून आपल्याला वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी मिळत आले. अशा शहराला गप्प बसणारे लोकप्रतिनिधी परवडत नाहीत.

आता कायद्याविषयी. बदल्यात काही केले नसेल तर ती लाच नव्हे, हा समज खोटा आहे. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचे कलम 11 सर्वांनी एकदा वाचावे. ज्याचे काम आपल्यापुढे आहे, होते किंवा येण्याचा संभव आहे, अशा माणसाकडून लोकसेवकाने फुकट किंवा अपुऱ्या मोबदल्यात अवाजवी लाभ घेणे, एवढ्यावरच तो गुन्हा होतो. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. लाभ रोखच असला पाहिजे असे नाही, पैशात मोजता आला पाहिजे असेही नाही. त्यामुळे चादरीची जोडी आणि हॉटेलची खोली दोन्ही त्यात येऊ शकतात. नगरसेवक हासुद्धा या कायद्यापुरता लोकसेवकच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितले आहे. खासदार-आमदारांच्या बाबतीत 4 मार्च 2024 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निकाल दिला की लाच घेतली त्या क्षणी गुन्हा पूर्ण होतो, पुढे ठरल्याप्रमाणे मत दिले की नाही याने फरक पडत नाही.

कलम 11 ची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. हे मूळचे 1860 च्या भारतीय दंड संहितेतले कलम 165. इंग्रजांनी तीच संहिता नमुना म्हणून सिंगापूरला नेली आणि तिथे त्या कलमाचा आकडाही आजवर 165 च राहिला आहे. तिथले माजी परिवहनमंत्री एस. ईश्वरन यांच्यावर 2024 मध्ये खटला चालला. ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध होता अशा व्यावसायिकांकडून त्यांनी मोटारशर्यतीची आणि नाटकांची तिकिटे, व्हिस्की, एक सायकल, खासगी विमानाचा प्रवास असे काय काय घेतले होते. सरकारी पक्षाने सुरुवातीचे लाचखोरीचे दोन आरोप बदलून कलम 165 लावले, कारण या कलमाखाली भेटीच्या बदल्यात काय केले ते सिद्ध करावे लागत नाही. ईश्वरन यांनी या कलमाखालचे चार आणि न्यायात अडथळा आणल्याचा एक, असे पाच गुन्हे कबूल केले. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांना बारा महिन्यांची कैद झाली. कलम आपल्याकडून गेलेले, मंत्री तुरुंगात गेला तिकडे. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या पुढाऱ्यावर फुकटच्या पाहुणचारासाठी हे कलम लागल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आपल्याकडे जाळ्यात सापडतो तो तलाठी, नाही तर लिपिक. हजार-दोन हजारांसाठी लाचलुचपत विभागाचा सापळा लागतो आणि आपल्याच पेपरात फोटोसह बातमी येते. ते योग्यच आहे. पण केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 पासून वर्तणूक नियम आहेत. त्यांत फुकटचा प्रवास, राहणे, जेवण यांची गणती भेटीत होते, प्रसंगाने घेतलेला चहा-जेवण तेवढे वगळले आहे, आणि ज्याच्याशी कार्यालयीन संबंध आहे त्याचा थाटाचा किंवा वारंवार पाहुणचार टाळावा, असे स्पष्ट लिहिले आहे. किती समंजस नियम आहे हा! भाकरी-चटणी आणि शामियाना यांतला फरक त्यात बरोबर पकडला आहे. मंत्र्यांसाठीही आचारसंहिता आहे. ज्याच्याशी कामाचा संबंध येऊ शकतो त्याच्याकडून मंत्र्याने किंवा त्याच्या घरच्यांनी कोणतीही भेट घेऊ नये, असे ती म्हणते. पण ती पाळली नाही तर विचारणारे कोण? महापालिकेच्या सभागृहासाठी एवढीसुद्धा संहिता रोजच्या व्यवहारात दिसत नाही.

या देशाला हे कधी जमलेच नाही, असेही नाही. 1951 मध्ये हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचे उघड झाले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच होते. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः पुढाकार घेऊन चौकशी समिती नेमायला लावली आणि सभागृहातून काढले जाण्याच्या बेतात असताना मुद्गल यांनी राजीनामा दिला. रक्कम काही हजारांच्या घरातली होती. आकडा लहान आहे म्हणून कुणी ते प्रकरण सोडून दिले नाही.

ब्रिटनमध्ये 2024 साली पंतप्रधान स्टार्मर यांना कपडे, चष्मे आणि कार्यक्रमांच्या तिकिटांवरून लोकांनी धारेवर धरले. शेवटी त्यांनी 6 हजार पौंडांहून अधिक किमतीच्या भेटींचे पैसे भरून टाकले. तिथे सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असे मी म्हणत नाही. पण लोकांना हे कळले, कारण खासदारांच्या भेटींची नोंदवही तिथे कुणालाही बघता येते. आपल्याकडे राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. मग सोलापूर महापालिकेत आणि जिल्हा परिषदेत का नसावी? प्रत्येक लोकप्रतिनिधीने दर तीन महिन्यांनी लिहून द्यावे की कुणाकडून काय घेतले, कुणाच्या खर्चाने कुठे गेलो, कुठे राहिलो, आणि त्या माणसाचे किंवा फर्मचे पालिकेत कोणते काम चालू आहे. ते पालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत असावे. चहा-पाणी, शाल-श्रीफळ त्यातून वगळावे. चालू मक्तेदाराकडून मात्र काहीच घ्यायचे नाही, नोंद करूनही नाही.

देणाऱ्यांनीही सावध व्हावे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा हाही थेट गुन्हेगार ठरतो. दबावाखाली द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. आमच्या व्यापारी संघटनांनी ही माहिती मक्तेदारांपर्यंत पोहोचवावी, कारण त्यांच्यातले बरेच जण मनापासून देत नाहीत. नाही दिले तर बिल अडेल या धास्तीने देतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

आमच्या दुकानापुरते मी ठरवले आहे. यंदापासून भेटीच्या प्रत्येक बॉक्सवर देणाऱ्या फर्मचे नाव बाहेरून ठळक छापले जाईल आणि उघडा बॉक्स दुकानाबाहेर जाणार नाही. ज्याला ते चालत नसेल त्याने दुसरे दुकान पाहावे.

आपल्याला एक विनंती. दर निवडणुकीत आपण उमेदवारांच्या मुलाखती छापता. त्यांत प्रत्येकाला एवढेच विचारा: निवडून आल्यावर भेटींची नोंदवही ठेवाल का, आणि महापालिकेच्या मक्तेदाराचा पाहुणचार नाकाराल का? उत्तर हो किंवा नाही, दोनच शब्दांत नावासह छापा. पाच वर्षांनी तोच अंक पुन्हा काढता येईल.

आपला नियमित वाचक,
एक चादर व्यापारी
साखर पेठ, सोलापूर