नमुने कशात फिरवले होते, ते लेखी कळवा : व्हायब्रो मशीनबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व सेवा विभाग,
व्हायब्रो फिनिशिंग मशीन उत्पादक कंपनी

विषय : 100 लिटरचे गोल व्हायब्रो मशीन व सोबतचा मीडिया, कंपाउंड कामाला योग्य नसल्याबाबत तक्रार

महोदय,

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग मशीन), एक ड्रिल, हाताखाली दोन पोरे आणि मी स्वतः. पंपाला लागणारे ईएन 8 स्टीलचे लिव्हर आणि पितळी बुश हा आमचा मुख्य माल. बर (कापल्यावर कडेला राहणारा धारदार कंगोरा) काढायचे काम पहिल्यापासून कानस आणि पॉलिश पेपरवर चालायचे. लिव्हर व्हीएमसीवरून उतरायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ त्याच्या कडा मारण्यात जायचा. त्यातून सुटका व्हावी म्हणून तुमचे मशीन घेतले : थरथरत्या टबात घासणाऱ्या खड्यांबरोबर (मीडिया) आणि पाण्यात मिसळायच्या रसायनाबरोबर (कंपाउंड) माल फिरवायचा, की बर निघते.

ऑर्डर देण्याआधी तुमच्या विक्री प्रतिनिधींनी आमचे लिव्हर आणि बुश नमुना म्हणून मागून नेले. परत आले ते काम खरोखर उत्तम होते. लिव्हरच्या कडा सगळीकडे सारख्या मोडलेल्या, पिनच्या भोकाचे तोंड आतून-बाहेरून साफ, बुशवर एक ओरखडा नाही, आटेसुद्धा जसेच्या तसे. ते नमुने अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांच्यासारखा एकही भाग आमच्याकडे आलेल्या मशीनमधून आजवर निघालेला नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच की, ते नमुने तुम्ही कशात फिरवले होते? कोणता मीडिया, किती वेळ, कोणते कंपाउंड? फोनवर विचारले की "आमच्या लॅबमध्ये केले होते" एवढेच उत्तर मिळते. लॅब कुठे आहे, हे मी विचारलेले नाही.

आम्हाला मशीनबरोबर एकाच प्रकारचा मीडिया आला : तिरके कापलेले सिरॅमिक सिलिंडर, व्यास 10 एमएम. आमच्या लिव्हरच्या पिनचे भोकही 10 एमएमचेच आहे. ड्रॉइंग तुमच्याकडे होते, नमुना तुमच्या हातात होता. खडा नवा होता तोवर भोकात शिरत नव्हता. सिरॅमिक झिजणारच, झिजण्यासाठीच ते असते. जरा बारीक झाले आणि भोकात जाऊन गच्च बसू लागले. दर घाण्यामागे (टबात एका वेळी फिरवलेला माल) पोरगा हाक मारतो, "मालक, ह्यात पण खडा बसलाय बघा." मग पितळी रॉड लावून हातोडीने तो ठोकायचा. सरळ निघाला तर ठीक. बहुतेक वेळा मधेच फुटतो, अर्धा बाहेर पडतो आणि अर्धा भोकाच्या भिंतीला चिकटून राहतो. ड्रिल घालावे तर ड्रिलची धार जाते आणि भोक मोठे होण्याची भीती वेगळी. असाच एक तुकडा नजरेतून सुटला आणि आमच्या ग्राहकाच्या असेंब्लीत सापडला. त्यांनी पूर्ण लॉट परत पाठवला, एकेक भाग तपासून द्या म्हणून. कानशीने काम चालायचे तेव्हा असे कधी झाले नव्हते.

भोक असलेल्या भागासाठी मीडिया एक तर झिजल्यावरही भोकात शिरणार नाही इतका मोठा घ्यावा, नाही तर सहज आरपार निघून जाईल इतका लहान. मधला साइज घेऊ नये. हे मला गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीतल्या फेटलिंगवाल्याने (ओतीव माल घासून साफ करणाऱ्याने) चहा पिता पिता सांगितले. मशीन विकणाऱ्या कंपनीने ते सांगायला नको होते का? पितळी बुशची गोष्ट तर आणखी सरळ आहे. मऊ धातूला हलका प्लास्टिक मीडिया लागतो. या सिरॅमिकमध्ये फिरवले की बुशचे आटे दबतात आणि आटे तपासायचे गेज आत जात नाही. बुश आम्ही पुन्हा हातानेच करतो आहोत.

आता मीडियाच्या वजनाबद्दल. तुम्ही 75 किलो पाठवले. सिरॅमिक मीडियाचे ढीग-वजन लिटरला दीड किलोच्या आसपास धरतात, म्हणजे तो झाला 50 लिटर. स्टीलच्या भागांसाठी तीन माप मीडिया आणि एक माप माल, हे प्रमाण तुमच्याच प्रतिनिधींनी सांगितले होते. त्या हिशेबाने मालासकट टबात पडतात जेमतेम 67 लिटर. शंभर लिटरचा टब तिसरा हिस्सा रिकामा राहतो. 90 लिटरपर्यंत भरायचा तर मीडियाच 100 किलो हवा. टब कमी भरला की माल नीट वळत नाही आणि भाग एकमेकांवर आपटतात, हे आम्ही रोज बघतो. लिव्हरच्या तोंडावर जे टोचे दिसतात ते दुसऱ्या लिव्हरचे आहेत, मीडियाचे नव्हेत. फोटो सोबत जोडले आहेत.

पण टब भरला तरी प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण मोटरच्या पाटीवर लिहिलेले आहे. तुमच्या माहितीपत्रकात मोटर 1750 आरपीएम अशी छापली आहे. टबाच्या खालचे कव्हर उघडून पाटी वाचली, तर तिथे 415 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 1440 आरपीएम. चार पोलची मोटर 60 हर्ट्झवर 1750 च्या आसपास फिरते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे 1440 हे बरोबरच आहे. चुकीचे आहे ते माहितीपत्रक. मोटरच्या दांड्यावरच्या ज्या फिरत्या वजनांनी टब थरथरतो, त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 1440 भागिले 1750, त्याचा वर्ग केला तर येतो 0.68. म्हणजे वजने तीच ठेवली तर छापलेल्या जोरापैकी सुमारे एक तृतीयांश जोर आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. वजनाच्या पट्ट्या वाढवून तो भरून काढता येतो, पण ते तुमच्या कारखान्यात व्हायला हवे होते.

तुमचे सर्व्हिस इंजिनिअर आले तेव्हा हे त्यांना दाखवले. त्यांनी फक्त खालचे वजन वाढवले. टबातला माल दोरीच्या पिळासारखा वळत वळत गोल फिरायला हवा. तो वळण्याऐवजी जागेवरच उड्या मारू लागला आणि थोड्याच वेळात ओव्हरलोड रिले (मोटरवर ताण आला की वीज तोडणारा) ट्रिप झाला. वरचे वजन, खालचे वजन आणि त्या दोघांमधला कोन मिळून मालाची चाल ठरते. एकच नट पिळून ती जमत नाही. कोन कितीवर ठेवला हे त्यांनी कुठेही लिहून दिले नाही. जाताना "चालवून बघा, बसेल हळूहळू" असे म्हणाले. आमच्या लाइनमध्ये बसते ते बेअरिंग, मशीन आपोआप बसलेले मी पाहिलेले नाही.

कंपाउंडची तऱ्हा निराळी. पावसाळ्यात इथली हवा कशी असते ते इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. टबातून काढलेला ओला स्टीलचा भाग दुपारी ट्रेमध्ये ठेवला की संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज येतो. डब्यावर वाचले तर ते नुसते साफ करणारे कंपाउंड निघाले. गंज थांबवणारा घटक त्यात नाही. भाग वाळवायचे कसे, याबद्दल तुमच्या पुस्तिकेत एक अक्षर नाही. सध्या आम्ही भाग रॉकेलसारख्या वासाच्या गंजरोधक तेलात बुडवतो. तो खर्च तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

आणि पाणी. निघणारे करडे पाणी कुठे सोडायचे असे विचारल्यावर प्रतिनिधी म्हणाले, "गटारात जाऊ दे की, साबणाचं पाणी आहे." त्यात सिरॅमिकचा गाळ आणि धातूचा चुरा असतो, आणि कोल्हापुरात पंचगंगेच्या प्रदूषणावर किती वर्षे आरडाओरडा चालला आहे हे तुमच्या माणसाला ठाऊक असायला हवे. आम्ही दोन ड्रम लावून गाळ खाली बसवतो आणि वरचे पाणी पुन्हा वापरतो. निचऱ्याच्या जाळीत खड्यांचे तुकडे अडकून टबात पाणी साचते, ते रोज उपसावे लागते. त्याच जाळीशेजारी टबाच्या आतले पीयू (पॉलियुरेथेन) लाइनिंग फुगले आहे. वॉरंटी चालू आहे, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

आमची मागणी अशी. नमुन्यांवर केलेली पूर्ण प्रक्रिया लेखी द्यावी. लिव्हर आणि बुश यांच्यासाठी योग्य मीडिया पुऱ्या वजनाने, गंजरोधक कंपाउंडसह, विनामूल्य बदलून द्यावा. ज्याला वजनांचा कोन लावता येतो असा माणूस पाठवून, आमच्या शॉपमध्ये, आमच्या मालावर, कपाटातल्या नमुन्यासारखा घाणा काढून दाखवावा आणि लाइनिंग दुरुस्त करून द्यावे. हे 15 दिवसांत होत नसेल तर मशीन उचलून न्यावे आणि वाहतुकीसह पूर्ण रक्कम परत करावी.

"धंद्यासाठी घेतलेले मशीन, तुम्ही ग्राहक नाही" असे तुमच्या ऑफिसातून एकदा ऐकवण्यात आले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये, स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू विकत घेऊन वापरणाऱ्याला व्यावसायिक वापराच्या अपवादातून वगळले आहे, म्हणजे तो ग्राहकच ठरतो. मी स्वतः लेथवर उभा असतो. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे मला तुमच्या गावी यावे लागणार नाही, तुम्हाला कोल्हापूरला यावे लागेल.

सोबत बिल, माहितीपत्रकाचे पान, मोटरच्या पाटीचे व खराब भागांचे फोटो आणि ग्राहकाची लॉट परत केल्याची नोंद जोडली आहे. कपाटातले नमुने मात्र पाठवत नाही. ते तुमच्या इंजिनिअरने इथे येऊन पाहावेत.

आपला,
(सही)
मशीन शॉप चालक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर