नेट जायची वाट बघत बसलेल्या दादांना

दादा, त्या दिवशी आयबुकचं सारखं जाणारं वाय-फाय ठीक करून तुम्ही निघालात तेव्हा नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, गळाच दाटून आला होता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

ते नारिंगी आयबुक, म्हणजे ॲपलचा लॅपटॉप, माझ्या भावाचं. 1999 चं मॉडेल, अमेरिकेहून येताना आणलेलं, तो गेल्यावर माझ्याकडे आलं. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर हे मशीन मोठ्या रिंगमधून आरपार नेलं होतं, बघा कुठे वायर आहे का म्हणून, ही गोष्ट भाऊ घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. त्यामुळे "केबल लावा ना मॅडम, विषय संपला" असं कोणी म्हटलं की फार लागायचं मला. केबल लागते त्याला, माहितीये. पण ते बिनवायरीचं चालावं यातच तर त्याचा सगळा जीव होता.

तिघं येऊन गेले आधी. राउटर बंद करायचा, चालू करायचा, वाय-फाय आलं की "चालतंय की" म्हणून निघायचं, आणि रात्री बघावं तर नेटवर्कचं नावच यादीत नाही, हे सांगून कोणाला पटेना. एकाने तर सांगितलं, फोनवर चालतंय म्हणजे मशीनच गेलंय, भंगारात द्या. माझ्या भावाचं मशीन!

तुम्ही राउटरला हातच लावला नाहीत. म्हणालात, ताई, चालू असताना मला काय कळणार, बंद पडू दे. आणि चटईवर बसून राहिलात, दोन तास! शेवटी गेलं तेव्हा फोनमध्ये काहीतरी बघितलंत आणि म्हणालात, "ताई, तुम्ही सांगत होतात ते बरोबर होतं." एवढंच, पण मी आत जाऊन डोळे पुसले.

राउटर ऑटोवर होता, म्हणजे वाय-फायचा चॅनेल स्वतःच निवडायचा, बिल्डिंगमधल्या इतर वाय-फायच्या गर्दीत 13 नंबरच्या चॅनेलवर जायचा आणि आयबुकमधल्या अमेरिकेतल्या वाय-फाय कार्डाला 11 च्या पुढचं दिसतच नाही. फोनला 13 दिसतो म्हणून फोन चालायचा, बंद-चालू केलं की राउटर खालच्या चॅनेलवर यायचा म्हणून त्या तिघांसमोर सगळं ठीक. तुम्ही 6 वर पक्कं केलंत. शिवाय कार्डाला डब्ल्यूपीए-टू ही वाय-फायची नंतरची सिक्युरिटी जमत नाही म्हणून मी अख्ख्या घराचं वाय-फाय जुन्या सिक्युरिटीवर ठेवलं होतं, त्याच्यापुरतं वेगळं गेस्ट नेटवर्क करून तीही काळजी मिटवलीत.

आमचे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. ड्रायव्हरची तक्रार आली की आधी स्वतः गाडीत बसून एक फेरी मारून यायचे, मगच पाना हातात घ्यायचे, ड्रायव्हर खोटं कशाला बोलेल म्हणायचे. तुम्हाला चटईवर बसलेलं बघून तेच आठवले हो.

आज 22 दिवस झाले, एकदाही गेलं नाही. पैसे तर घेतले नाहीत तुम्ही, निदान दिवाळीला फराळाला या. रिंगची ती गोष्ट भाऊ सांगायचा तशी पूर्ण सांगायचीये तुम्हाला.

तुमची ताई