अजगर पाळण्याआधी

महोदय,

लहान बिनविषारी साप काही वर्षे सांभाळल्यावर अजगराकडे वळणाऱ्या जळगाव-भुसावळकडील हौशी तरुणांनी ध्यानात घ्यावे की, आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तो घरी ठेवणे गुन्हा आहे. पंधरा फुटांपुढे वाढणारा बर्मी अजगर तर घरात मावायचाच नाही. उरतो आफ्रिकेतील बॉल पायथन हा छोटा अजगर: चार-पाच फुटांचा, शांत, मात्र कधी महिनोन्महिने अन्न नाकारणारा, त्याचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. परदेशी पुस्तके सापाची पेटी उबदार कशी ठेवावी हे शिकवतात; खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वीज गेल्यावर ती थंड कशी राखणार?

– एक सर्पप्रेमी वाचक, जळगाव