पानिपतावर गोसावी कोणत्या बाजूला होते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नागा साधूंवरचा पानभर लेख वाचला. सिंहस्थ तोंडावर आला की असे लेख येणारच, त्याबद्दल तक्रार नाही. भाषा झोकदार आहे आणि लेखकाने बरेच वाचलेलेही दिसते. मधली काही पाने तेवढी चिकटून राहिली असावीत. गोसाव्यांनी हत्यार धरले ते फक्त धर्मासाठी, चाकरी म्हणून कोणाची केली नाही, असे त्यांनी तीन-चार वेळा बजावले आहे. मी स्वतः दशनामी, म्हणजे शंकराचार्यांच्या संन्यासी परंपरेतला, पण घरबारी, संसार करणारा गोसावी; नागा संन्यासी हे ह्याच परंपरेतले हत्यारबंद साधू. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा लेख सकाळी चहाआधीच येऊन पडला होता आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मला मात्र तो गोड लागला नाही.

अहो, पानिपताचे काय करायचे? १४ जानेवारी १७६१ ला अनुपगीर गोसावी आपल्या नागा फौजेसह रणात होता, हे लेखक महाशयांनी लिहिलेच नाही. कोणत्या बाजूला होता, ते तर दूरच. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, म्हणजे अब्दालीच्या गोटात. लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊसाहेबांच्या देहांना अग्नी देण्याच्या खटपटीत शुजाचा कारभारी काशीराज पंडित याच्याबरोबर ह्याच अनुपगीराचे नाव येते. पगार शुजाचा घेतला आणि मराठ्यांच्या प्रेतांची विटंबनाही होऊ दिली नाही, असा हा गुंत्याचा माणूस. त्याच्या चार वर्षे आधी, १७५७ साली, अब्दालीची फौज मथुरा लुटून गोकुळावर आली तेव्हा नागा गोसावी आडवे आले आणि शेकड्यांनी मेले. आपल्या लेखात गोकुळ अर्धा रकाना भरून आहे. पानिपताला एक ओळ नाही.

अनुपगीराची कारकीर्दच पाहा. त्याचा गुरू राजेंद्रगीर १७५३ साली दिल्लीजवळ पडला तो शुजाच्या बापासाठी, सफदरजंगासाठी, लढताना. अनुपगीर, म्हणजे पुढचा हिंमतबहादर, १७६४ ला बक्सरला शुजासाठी लढला. मग जाटांकडे गेला, मग दिल्लीच्या बादशहाचा सेनापती नजफखान याच्याकडे, मग महादजी शिंद्यांकडे. १७८९ साली महादजींना अंगभर फोड आले आणि ही हिंमतबहादराचीच करणी, असा त्यांना संशय आला. गोसावी पळाला तो थेट पेशव्यांचे सरदार अलीबहादर यांच्या छावणीत, आणि त्यांनी त्याला महादजींच्या ताब्यात द्यायला साफ नकार दिला. पुढे ह्या दोघांनी मिळून बुंदेलखंड घेतले. आणि १८०३ साली त्याच अलीबहादरांच्या मुलावर, शमशेरबहादरावर, हिंमतबहादर इंग्रजांना बरोबर घेऊन चालून गेला. ही चाकरी नव्हे तर काय म्हणावे? आम्हाला यात शरम वाटत नाही. त्या काळी शिंदे, होळकर, पठाण, रोहिले, अरब सगळ्यांचे पोट तलवारीवरच होते. शरम वाटत असेल तर ती लेखकाला, आणि तीही आमच्या वतीने.

धर्म नव्हता असे मी म्हणत नाही. धर्म होता, पगार होता आणि व्यापारही होता. पुण्यात सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे, ते बांधले भीमगीर गोसाव्याने. १७५४ साली काम सुरू झाले. काळ्या दगडातल्या त्या दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडाने बांधणारे गोरे शिपाई कोरले आहेत, आत भिंतीवर संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती वर, आणि खाली तळघरात गोसाव्याची समाधी. शेजारचा गोसावीपुरा हा सावकारांचा होता. ज्या वाटांनी साधू यात्रेला जात त्याच वाटांनी रेशीम, जवाहीर आणि हुंड्या जात, आणि माल सांभाळायला माणसे हत्यारबंद. तिकडे युरोपात टेम्पलर नाइटांचेही तसेच होते. व्रत घेतलेले लढवय्ये, आणि बरोबर पेढी. फ्रान्सच्या राजावर त्यांचे कर्ज चढले तेव्हा त्याने १३०७ साली एका पहाटे सगळ्यांना धरून कोठडीत घातले. आपल्याकडे पेशव्यांनी गोसाव्यांकडून कर्जे काढली, पण निदान धरपकड केली नाही, एवढे म्हटले पाहिजे.

आता मला खरे काय बोचले ते लिहितो. आमच्यात देह जाळत नाहीत. पद्मासनात बसवून समाधी देतात. माझे वडील गेले ते ऐन पावसात, पहाटे. देह ताठरण्याआधी मांडी घालून बसवावा लागतो, त्यामुळे आमच्या घरी मयत झाली की रडायला वेळ नसतो. चुलत्यांनी पाठीला फळी लावून देह बसता केला, कपाळाला भस्म लावले, भगवे वस्त्र गुंडाळले. दुकान उघडायला लावून जाड्या मिठाची पोती आणली. आणि मग प्रश्न आला, न्यायचे कुठे? ओढ्याकाठी आमच्या पिढ्यांच्या समाध्या होत्या, ती जागा सातबाऱ्यावर गायरान निघाली आणि त्यातून रस्ता गेला. म्हणून मी ग्रामपंचायतीत गेलो. तिथले साहेब खुर्चीवरून न उठता म्हणाले, ‘‘हिंदूंत पुरतात होय? सरळ स्मशानात न्या, शेड बांधलंय नवीन.’’ मी म्हणालो, साहेब, आमची रीत आहे. त्यावर उत्तर मिळाले, ‘‘मग तिकडं कबरस्तानात विचारा.’’ शिपाई हसला. बाहेर पाऊस, घरी वडील फळीला टेकवून बसवलेले. शेवटी आमच्या शेजारच्या मामांनी, ते गोसावी नव्हेत, आपल्या बांधालगतची जागा दाखवली. उसाच्या कडेला आम्ही खड्डा घेतला. पाणी झिरपत होते ते बादलीने उपसत उपसत मीठ भरले आणि बेल वाहून माती ओढली.

ह्याच साहेबांच्या व्हॉट्सॲप स्टेटसला रविवारपासून आपल्या पुरवणीतला नागा साधूंचा फोटो आहे. वर ‘हर हर महादेव’.

म्हणून मला त्या लेखाचा राग आला. कुंभात शाही स्नानाला निघालेला संन्यासी दिसला की कॅमेरे धावतात, आणि त्याच पंथातला कोणी घरबारी मेला की त्याला दोन हात जागा नाही. गावोगावच्या गोसावी समाजाची दफनभूमीची मागणी जुनी आहे, निवेदनांची बाडे तहसीलच्या कपाटात असतील. आपल्या वार्ताहराने एखादा तालुका फिरून ती पाहावी. त्यावर पान काढावे, चौथा भाग पान काढला तरी चालेल. पूर्वजांचे पोवाडे गायला आमच्या घरची म्हातारी माणसे पुरेशी आहेत.

लेखकाने शेवटी संन्याशांच्या बंडाबद्दल चार ओळी घाईघाईने उरकल्या आहेत. बंगालमध्ये कंपनीच्या वसुलीला शिंगावर घेणाऱ्यांत संन्यासी होते तसे मजनूशाहाचे फकीरही होते. वॉरन हेस्टिंग्जने दोघांनाही सारखेच हाकलले. लेखात फकीर कुठे गळाले कोण जाणे. जागेअभावी, असे उत्तर येईल हे मी धरूनच चालतो.

माझे मागचे पत्र आपण छापलेत त्याबद्दल आभारी आहे, पण त्यातले मुद्द्याचे वाक्य नेमके कापले गेले होते आणि उरले होते ते शुभेच्छांचे. ह्या पत्राला कात्री लावायचीच असेल तर खुशाल टेम्पलर कापा, हिंमतबहादरही थोडा कापा. ग्रामपंचायतीचा परिच्छेद आहे तसा राहू द्यावा ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक घरबारी गोसावी
(नाव-पत्ता आपल्या दफ्तरी आहे, छापू नये)

ता. क. लेखासोबतच्या मोठ्या फोटोखाली ‘जुना आखाड्याचे नागा संन्यासी’ असे छापले आहे. फोटोतल्या सगळ्यांच्या कपाळावर उभे वैष्णव गंध आहे आणि मागे रामकुंड दिसते. ते बैरागी, म्हणजे वैष्णव साधू आहेत, शैव संन्यासी नव्हेत. ह्याच दोघांनी पेशवाईत त्र्यंबकला आधी स्नान कोणाचे ह्यावरून एकमेकांची मुंडकी उडवली होती, म्हणून तर आजही संन्यासी त्र्यंबकला कुशावर्तावर नाहतात आणि बैरागी नाशिकला रामकुंडावर. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. दुरुस्ती सहाव्या पानाच्या तळाशी, निविदांच्या खाली छापू नये.