ठराव फायलीत, काकू आतल्या खोलीत

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून इतर गावांना तसं आवाहन केलं. आमच्याकडेही ठराव झाला म्हणे. असेल कुठल्या फायलीत.

यंदा संक्रांतीला गल्लीत हळदीकुंकू होतं. शेजारच्या काकू सकाळपासून तिळगूळ वळत होत्या. बायका जमू लागल्या तशा पदर सावरत आपणहून आतल्या खोलीत गेल्या. कुणी 'जा' म्हणालं नाही, पण 'थांबा' असंही नाही. मीही गप्पच, वाणाची स्टीलची वाटी घेऊन घरी आले. नंतर ती त्यांना द्यायला गेले, तर म्हणाल्या, "मला कशाला गं?"

पुढच्या वर्षी हळदीकुंकू माझ्या घरी आहे. पहिलं बोलावणं काकूंना.

– एक वाचक, कोल्हापूर